पाळीव कुत्रा चावल्यास भरपाई कशी मागावी: पहिल्या तासापासून हुकूमनाम्यापर्यंतचा क्रम

शेजाऱ्याचा किंवा सोसायटीतला पाळीव कुत्रा चावला की बहुतेक माणसे आधी मालकाशी भांडतात, मग दवाखान्यात जातात, त्यानंतर सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो आणि पोलीस ठाण्याची पायरी चढेपर्यंत महिना उलटलेला असतो. तोपर्यंत लिफ्टमधले सीसीटीव्ही चित्रण पुसले गेलेले असते आणि केस पेपरवर नुसते ‘डॉग बाइट’ लिहिलेले असते. कुत्रा कोणाचा होता, साखळीत होता की मोकळा, यातले काहीच कागदावर उरलेले नसते. असे दावे फसतात ते बहुधा पहिल्या दहा दिवसांतच, आणि त्या दहा दिवसांत काय करायचे हे आधी माहीत असेल तर ते सहज टळते. पुढील क्रम महाराष्ट्रातील वाचकांसाठी आहे आणि तो पाळीव कुत्र्यांपुरताच आहे. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत जबाबदारी महापालिकेची किंवा शासनाची ठरू शकते आणि तो मार्ग वेगळा आहे.

## सुरुवातीला समजून घ्या: हक्क कशावर उभा आहे

कुत्र्याच्या मालकाने जखमी माणसाला किती भरपाई द्यावी, हे सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. म्हणून दोन वाटा एकत्र चालवाव्या लागतात.

पहिली वाट फौजदारी आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना तो टाळण्यासाठी पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम २८९ लागू होते आणि तेथे दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती. या कलमातील ‘ताब्यातील’ हा शब्द नीट वाचावा. कुत्रा कोणाच्या नावावर आहे यापेक्षा त्या क्षणी तो कोणाच्या ताब्यात होता, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. त्यामुळे कुत्र्याला फिरायला नेणारा नोकर किंवा सुट्टीत सांभाळणारा नातेवाईकही या कलमाखाली येऊ शकतो.

दुसरी वाट दिवाणी आहे. निष्काळजीपणामुळे झालेल्या हानीची भरपाई दिवाणी न्यायालयात मागता येते. कुत्रा हा माणसाळलेला प्राणी असल्याने मालकाला त्याच्या चावऱ्या स्वभावाची आधीपासून कल्पना होती का, हे न्यायालय पाहते. ती कल्पना होती असे दाखवता आले, तर मालकाची सुटका अवघड होते. ते दाखवता आले नाही तरी दावा संपत नाही. मात्र त्या वेळी साखळी, मुसके, फाटक आणि लक्ष यांपैकी नेमके काय कमी पडले, ते सिद्ध करावे लागते.

इशारा: ‘एका दाताच्या खुणेला दहा हजार रुपये’ हा दर समाजमाध्यमांवर फिरत असतो आणि अनेक जण तो नोटिशीत जसाच्या तसा लिहितात. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या २०२३ मधील निर्णयातून आलेला आहे. तो निर्णय मोकाट जनावरांबाबत शासनाच्या जबाबदारीचा आहे आणि पंजाब, हरियाणा व चंडीगढपुरता आहे. महाराष्ट्रातील खाजगी मालकाला तो दर आपोआप लागू होत नाही. ग्राहक आयोगाकडे जाणे हीदेखील अशीच वाया जाणारी खेप आहे, कारण जखमी माणूस हा कुत्र्याच्या मालकाचा ग्राहक नसतो.

## टप्पा १: जखम आणि केस पेपर

१. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. वेळ घड्याळावर मोजावी, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पुष्कळ वाटतात. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये आणि घट्ट पट्टी बांधू नये.

२. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कातडी फाटून रक्त आले असेल तर जखम तिसऱ्या वर्गात मोडते आणि लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडे, हेही द्यावे लागते. ते जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. पहिल्या दिवशी ते मिळाले नाही, तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत घेता येते, त्यानंतर नाही. लहान दवाखान्यात ते उपलब्ध नसेल तर ‘उद्या बघू’ असे न म्हणता मोठे सरकारी रुग्णालय गाठावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारावे.

३. लसीच्या तारखा पाळाव्यात. स्नायूत दिल्या जाणाऱ्या लसीसाठी ०, ३, ७, १४ आणि २८ हे दिवस असतात, तर कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीसाठी ०, ३, ७ आणि २८. ‘आमच्या कुत्र्याला सगळ्या लसी दिल्या आहेत’ असे मालक सांगतो म्हणून स्वतःचा डोस लांबवू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण ते उपचार सुरू करून ठेवायचे असते. तो दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल तर पुढचे डोस बदलायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

४. आता कागद. डॉक्टरांना शांतपणे विनंती करून केस पेपरवर पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात: घटनेची तारीख, वेळ आणि ठिकाण, कुत्रा पाळीव होता ही नोंद आणि रुग्णाने सांगितलेले मालकाचे नाव, जखमा किती, शरीरावर कोठे, लांबी-रुंदी-खोली किती, जखमेचा वर्ग, आणि पडल्यामुळे हाड मोडले असल्यास त्याची वेगळी नोंद. सरकारी रुग्णालयात ही एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर बाब म्हणून नोंदवण्यास सांगावे आणि तिचा क्रमांक टिपून घ्यावा. पोलीस पुढे जखमेचे प्रमाणपत्र मागवतात, ते याच नोंदीवरून तयार होते.

या चौथ्या मुद्द्यावर मी मुद्दाम भर देत आहे. घटनेच्या दिवशी, भांडण पेटण्याआधी, तिऱ्हाईत डॉक्टरने लिहिलेल्या दोन ओळींना न्यायालयात जे वजन असते, ते महिन्यानंतर केलेल्या चार पानी प्रतिज्ञापत्राला नसते.

तपासा: दवाखान्यातून निघण्याआधी केस पेपर वाचून पाहावा. ‘भटका कुत्रा’ असे चुकून लिहिले गेले असेल, तर तेथेच दुरुस्त करून त्यावर डॉक्टरांची सही घ्यावी. ही एक चूक पुढे मालकाच्या वकिलाच्या हातात आयते कोलीत देते.

## टप्पा २: पहिल्या तीन दिवसांत गोळा करायचा पुरावा

सीसीटीव्ही चित्रण सर्वांत आधी मागावे. बहुतेक इमारतींमधील यंत्रणा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढवते. सोसायटीच्या सचिवांना त्याच दिवशी लेखी पत्र द्यावे आणि तारीख, वेळेचा पट्टा व कॅमेऱ्याची जागा लिहून ते चित्रण जपून ठेवण्याची विनंती करावी. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सचिव प्रत देण्यास तयार नसतील तर वाद घालू नये. चित्रण पुसले जाऊ नये एवढेच तूर्त साधायचे असते, कारण पोलीस ते नंतर ताब्यात घेऊ शकतात. प्रत मिळाली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालील प्रमाणपत्राबद्दल त्याच वेळी विचारावे. त्या प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात अडतो. मोबाइलवर दुसऱ्याने पाठवलेली, कापलेली क्लिप हा त्याला पर्याय नाही.

वरळीतील एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ साली पाळीव हस्कीने एका रहिवाशाला चावा घेतला होता. त्या खटल्यात मालकाला २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. लिफ्टमधले चित्रण हा तेथे महत्त्वाचा पुरावा होता.

त्यानंतर पुढील गोष्टी कराव्यात.

१. जखमेची छायाचित्रे शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून घ्यावीत आणि पुढे दर दोन-तीन दिवसांनी त्याच उजेडात घेत राहावीत.

२. फाटलेले, रक्त लागलेले कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी येते.

३. ज्यांनी घटना पाहिली त्यांची नावे व मोबाइल क्रमांक लिहून घ्यावेत. सुरक्षारक्षक, दूधवाला, इस्त्रीवाला हे चांगले साक्षीदार असतात, पण ते काम बदलतात. म्हणून त्यांचा गावाकडचा पत्ताही विचारून ठेवावा.

४. घटनास्थळ टिपावे. मोडके फाटक, उघडा जिना, तुटलेली साखळी यांची छायाचित्रे दुरुस्ती होण्याआधीच घ्यावी लागतात.

५. कुत्र्याच्या आधीच्या वागणुकीचा माग काढावा. सोसायटीच्या तक्रारवहीतील जुनी नोंद, रहिवाशांच्या व्हॉट्सअॅप गटातील संदेश, आधी चावा घेतलेल्या माणसाचा केस पेपर यांपैकी एक जरी मिळाले, तरी मालकाला कल्पना होती हे दाखवण्याचे निम्मे काम होते. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये रॉटवायलरने एका वृद्धाला चावल्याच्या प्रकरणी मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. तो निकाल लागला जानेवारी २०२३ मध्ये. मधली बारा-तेरा वर्षे साक्षीदारांच्या आठवणीवर विसंबणे परवडत नाही, म्हणून सगळे कागदावर हवे.

दारावरची ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी मालकाला वाचवते, असा सर्वत्र समज आहे. माझ्या मते ती दोन्हीकडून कापते. पाहुण्याला इशारा दिला होता असे मालक म्हणू शकतो खरा, पण कुत्रा धोकादायक आहे हे त्याला ठाऊक होते, हेही तीच पाटी सांगते. तिचेही छायाचित्र घ्यावे.

महापालिका क्षेत्रात कुत्रा पाळण्यासाठी परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. परवाना नव्हता एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, पण मालकाच्या बेफिकिरीचे चित्र त्यातून स्पष्ट होते. परवान्याची चौकशी तपासाचा भाग म्हणून करावी, अशी लेखी विनंती पोलिसांना करता येते.

इशारा: रागाच्या भरात कुत्र्याला ठार मारणे किंवा विष घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, म्हणजे मालकावरच्या कलमापेक्षा कितीतरी जड. आणि मुळात दोष त्या मुक्या जिवाचा नसतो, त्याला मोकळे सोडणाऱ्याचा असतो.

## टप्पा ३: पोलीस ठाण्यात काय लिहून द्यावे

फिर्याद लेखी तयार करून न्यावी. एक पान पुरते. त्यात कोण, कोठे, केव्हा, कुत्रा कोणाच्या हातात होता, साखळी किंवा मुसके होते की नाही, काय झाले, कोणी पाहिले, कोणत्या रुग्णालयात उपचार झाले आणि एमएलसी क्रमांक काय, एवढेच असावे. जात, पक्ष, जुने पार्किंगचे भांडण यांचा उल्लेख टाळावा.

येथे दोन चुका वारंवार होतात.

पहिली चूक म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, अर्थात एनसीवर, समाधान मानणे. कलम २९१ खालील गुन्हा जामीनपात्र असला तरी दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्याचा तपास करू शकतात, त्यामुळे एफआयआर नोंदवला गेला पाहिजे. प्रत्यक्ष दुखापत झाली असल्याने कलम १२५ ही लावण्याची विनंती करावी. त्यात साध्या दुखापतीसाठी सहा महिन्यांपर्यंत आणि गंभीर दुखापतीसाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हाड किंवा दात मोडणे, चेहऱ्यावर कायमचा व्रण राहणे, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होणे वा रोजची कामे करता न येणे हे कलम ११६ नुसार गंभीर दुखापतीत बसते. म्हणूनच किती दिवस कामाला जाता आले नाही, याची डॉक्टरांकडून नोंद घेणे महत्त्वाचे आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते आणि ती मागून घ्यावी.

दुसरी चूक अतिशयोक्तीची. ‘मालकाने मुद्दाम अंगावर कुत्रा सोडला’ असे लिहिण्याचा मोह होतो. तसे खरोखर घडले असेल आणि साक्षीदार असेल तरच ते लिहावे. केस पेपरवर ‘जिन्यात अचानक आला’ आणि फिर्यादीत ‘अंगावर सोडला’ असे दोन जबाब झाले, तर खरी असलेली जखमही संशयाच्या भोवऱ्यात सापडते.

ठाण्यात नोंद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे फिर्याद पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असेल तेथे संबंधित उपायुक्तांकडे, लेखी पाठवावी. तरीही हालचाल झाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तपासा: कलम २९१ आणि साध्या दुखापतीच्या गुन्ह्यासाठी मुदत एक वर्षाची आहे. ‘मालक देतो म्हणाला आहे’ या भरवशावर अकरा महिने घालवून मग ठाण्यात जाणारे लोक मी पाहिले आहेत.

## टप्पा ४: रकमेचा हिशेब

हा टप्पा सर्वांत दुर्लक्षित राहतो. लोक थेट ‘पाच लाख’ असा गोल आकडा लिहितात आणि तो कसा आला हे विचारताच गप्प होतात. रक्कम दोन भागांत मांडावी.

पहिला भाग प्रत्यक्ष खर्चाचा. त्यात औषधे, इंजेक्शने, तपासण्या, ड्रेसिंग, रिक्षाभाडे, फाटलेले कपडे, फुटलेला चष्मा, सोबत थांबलेल्या नातेवाइकाचा बुडालेला रोज आणि स्वतःचा बुडालेला पगार येतो. प्रत्येक खर्चासमोर पावती क्रमांक लिहावा. रिक्षाची पावती मिळत नाही, म्हणून दवाखान्याच्या प्रत्येक भेटीची तारीख, अंतर आणि दिलेले पैसे एका वहीत त्याच दिवशी टिपावेत. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळाली असेल तर तिची किंमत लावू नये.

बुडालेल्या मजुरीबाबत घरकाम करणाऱ्या बायका, डिलिव्हरी करणारी मुले, रखवालदार आणि मीटर वाचायला येणारे कर्मचारी सर्वांत जास्त नुकसान सोसतात आणि सर्वांत कमी मागतात. दुसऱ्यांच्या दारात जाणे हेच ज्यांचे काम, त्यांनाच हे चावे होतात. समजा, चार घरांची कामे करणाऱ्या बाईंना महिन्याला एकूण १४,००० रुपये मिळतात आणि जखमेमुळे बारा दिवस काम बंद राहिले, तर त्यांचे ५,६०० रुपये बुडाले. पगाराची पावती नसते म्हणून ही रक्कम सोडून देऊ नये. इतर घरमालकांकडून ‘अमुक तारखा आल्या नाहीत, इतका पगार कापला’ अशी सही केलेली चिठ्ठी घ्यावी, किंवा बँकेत वा मोबाइलवर जमा झालेल्या रकमांचा तपशील काढावा. ज्या घरातला कुत्रा चावला त्याच घरात काम असेल तर इंजेक्शनचे पैसे देऊन ‘आता विषय वाढवू नका’ असे सांगितले जाते. ते पैसे घ्यायला हरकत नाही, पण त्यामुळे उरलेला हक्क संपत नाही, हे त्या बाईंना कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

दुसरा भाग वेदना, व्रण, कायमचे अपंगत्व, मनात बसलेली भीती आणि पुढील उपचार यांचा. याला ठरलेला दर नाही. म्हणून आधार दाखवावा: व्रणासाठी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जनचे अंदाजपत्रक, बोट आखडले असल्यास अपंगत्वाचे प्रमाणपत्र, मूल रात्री दचकून उठत असल्यास समुपदेशकाच्या भेटींची नोंद. व्रण पक्व होऊन त्याचे अंतिम रूप दिसायला वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. लहान मुलाच्या चेहऱ्यावर जखम असेल तर दोन महिन्यांत आकडा ठरवून मोकळे होऊ नये.

## टप्पा ५: मालकाला नोटीस

खाजगी मालकाविरुद्ध दावा करण्याआधी नोटीस देणे कायद्याने बंधनकारक नाही. तरी ती द्यावी, कारण पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात आणि मालकाचे म्हणणे लेखी हाती येते. वकिलामार्फत किंवा स्वतः, पोचपावतीची सोय घेऊन स्पीड पोस्टने ती पाठवावी. घटना, निष्काळजीपणाचे नेमके स्वरूप, हिशेबाचा तक्ता आणि पंधरा ते तीस दिवसांची मुदत एवढा मजकूर पुरतो. मूळ पावत्या जोडू नयेत, छायाप्रती जोडाव्यात. मालकाकडे घराचा किंवा कुत्र्याचा विमा असल्यास त्यात तिऱ्हाइताच्या हानीचे संरक्षण आहे का, हेही नोटिशीत विचारावे. काही पॉलिसींमध्ये ते असते आणि मग पैसे देण्याबाबत मालकाची टाळाटाळ कमी होते.

इशारा: ‘पैसे द्या नाहीतर जेलमध्ये घालतो’ अशा भाषेतला एकही संदेश पाठवू नये. तो तुमच्यावरच उलटतो.

### कुत्रा तुमचा असेल तर

जखमी माणसाला स्वतः दवाखान्यात न्यावे, लसीकरणाचे पुस्तक दाखवावे आणि कुत्र्याला दहा दिवस घरात, नजरेखाली ठेवावे. घाबरून त्याला दूर कोठे सोडून येऊ नये. सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे, शिवाय कुत्राच नाहीसा झाला तर जखमी माणसाच्या डॉक्टरांना निर्णय घेणे कठीण होते. उपचाराचा खर्च द्यावा आणि ‘उपचारासाठी, दोष मान्य न करता’ असे लिहून पावती घ्यावी. त्याने कुत्र्याला डिवचले होते किंवा कुंपण ओलांडून आत आला होता, असे तुमचे म्हणणे असेल तर त्याचाही पुरावा तेव्हाच जपावा.

## टप्पा ६: तडजोड आणि लोकअदालत

मालक तयार असेल तर तडजोड चांगलीच. मात्र मुद्रांकावर नुसते ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून देण्याची पद्धत टाळावी. त्यात उरलेले हप्ते बुडाले तर नव्याने दावा करावा लागतो.

१. लसीचा शेवटचा डोस आणि जखम भरून आल्याचा डॉक्टरांचा शेरा मिळण्याआधी अंतिम तडजोड करू नये.

२. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीचे, प्रकरण म्हणून अर्ज करून तडजोड लोकअदालतीत नोंदवावी. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम आदेशाचा, दर्जा असतो, त्यावर अपील नसते आणि पैसे न दिल्यास थेट वसुली करता येते.

३. जखमी व्यक्ती अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल तर आई-वडिलांनी परस्पर रक्कम ठरवून सही करू नये. दावा चालू असताना अज्ञानाच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते, नाहीतर ती मुलाच्या बाजूने रद्द होऊ शकते.

तपासा: तडजोडीच्या मसुद्यात ‘पुढील सर्व हक्क सोडले’ हे वाक्य आहे का, ते पाहावे. असेल तर व्रणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च रकमेत धरला आहे ना, याची खात्री करावी.

## टप्पा ७: न्यायालय

दंडाधिकाऱ्यांसमोर. गुन्हा सिद्ध होऊन दंड झाला तरी तो सरकारजमा होतो. जखमी माणसाला आपोआप काही मिळत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली न्यायालय भरपाईचा आदेश देऊ शकते, पण त्यासाठी हिशेब समोर असावा लागतो. सरकारी अभियोक्त्यांना टप्पा ४ मधला तक्ता आणि पावत्या वेळेत द्याव्यात आणि साक्षीत त्यांचा उल्लेख यावा अशी विनंती करावी. आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले तरी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ५ खाली भरपाई मागता येते, आणि ही मागणी करायला बहुतेक जण विसरतात.

दिवाणी न्यायालयात. घटना जेथे घडली किंवा मालक जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणी दावा करता येतो. मुंबई शहराबाहेर रकमेनुसार तो कनिष्ठ किंवा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जातो. मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची धरली जाते. अज्ञान मुलाचा दावा वादमित्रामार्फत, म्हणजे त्याच्या वतीने उभ्या राहणाऱ्या सज्ञान व्यक्तीमार्फत, करतात आणि त्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजली जाते, तरी पुरावा ताजा असतानाच दावा करणे शहाणपणाचे. मृत्यू झाला असेल तर वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो.

स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्ज न्यायालयाच्या आवारातील कार्यालयातच करता येतो. वर सांगितलेल्या घरकामगार बाईंसाठी हाच सर्वांत सोयीचा दरवाजा आहे.

फौजदारी न्यायालयाने दिलेली रक्कम दिवाणी न्यायालय लक्षात घेते, म्हणून ती लपवू नये. फौजदारी खटल्यात आरोपी सुटला तरी दिवाणी दावा आपोआप पडत नाही, कारण तेथे पुराव्याची कसोटी वेगळी असते.

दावा मांडताना सर्व मागण्या एकदाच कराव्यात. आज औषधांचे पैसे आणि दोन वर्षांनी शस्त्रक्रियेचे पैसे असे दोन दावे एकाच चाव्यासाठी करता येत नाहीत. त्यामुळे पुढच्या खर्चाचे अंदाजपत्रक, व्याजाची मागणी आणि दाव्याचा खर्च हे सारे पहिल्याच अर्जात असावे. हुकूमनामा मिळाल्यावर मालकाने पैसे भरले नाहीत, तर त्याच न्यायालयात वसुलीची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी. तिला बारा वर्षांची मुदत असते. मालकाचे बँक खाते कोणत्या शाखेत आहे आणि घर कोणाच्या नावावर आहे, ही माहिती दरखास्तीत द्यावी लागते. ती खटला चालू असतानाच जमवून ठेवावी.